रोज, माह आणि आतश: पारशी जीवनातील सण, श्रद्धा आणि रिवाज

पारशी पंचांगात सोमवार-मंगळवार नाहीत. महिना तीस दिवसांचा, आणि तीसही दिवसांना स्वतंत्र नाव आहे: पहिला होरमज्द, दुसरा बहमन, तिसरा अर्दिबेहेश्त, नववा आदर, दहावा आवां, विसावा बेहराम, तिसावा अनेरान. ही नावे त्या त्या दिवसाच्या अधिष्ठात्या दैवी शक्तींची, म्हणजे यझदांची आहेत. बारा महिन्यांची नावेही याच यादीतून घेतलेली आहेत. दिवसाला ‘रोज’ आणि महिन्याला ‘माह’ म्हणतात. घरातल्या माणसाची पुण्यतिथी रोज-माहावरून पाळली जाते आणि विधीला बसलेला मोबेद, म्हणजे धर्मगुरू, त्या दिवसाचा रोज-माह उच्चारूनच प्रार्थना करतो. ज्या दिवशी रोज आणि माह एकाच यझदाच्या नावाचे येतात, तो त्या यझदाचा सण, म्हणजे ‘परब’.

पारशी धर्माची ओळख सहसा अग्नी, गिधाडे आणि दुधात विरघळलेली साखर या तीन गोष्टींपासून सुरू होते. त्यापेक्षा ती पंचांगापासून करून घेणे अधिक योग्य. या धर्माची मूळ भाषा अवेस्ता शतकानुशतके बोलण्यात नाही. ज्या प्रार्थना पारशी माणूस रोज म्हणतो, त्यांचा शब्दशः अर्थ सांगू शकणारे सर्वसामान्य घरांत नेहमीच थोडे होते. तरीही धर्म टिकला, कारण तो दिवसांच्या नावांत, चुलीच्या भिंतीवर, उंबरठ्याच्या चौकाच्या रांगोळीत आणि कमरेच्या कुस्ती नावाच्या दोरीत मुरला होता. तत्त्वज्ञान ज्यांनी वाचले नाही, त्यांनीही ते वर्षभर पाळले.

ते तत्त्वज्ञान मुळात फार गुंतागुंतीचे नाही. धर्माचा प्रवर्तक झरथुष्ट्र याने एकच सर्वज्ञ निर्माता मानला, तो आहुर मज्द. पुढच्या भाषेत होरमज्द. विश्वात ‘अश’ नावाची सत्याची, सुव्यवस्थेची वाट आहे. तिच्याविरुद्ध उभा आहे अंग्र मैन्यू, म्हणजे अहरिमन: असत्य, रोग, क्षय आणि मृत्यू यांचे मूळ. माणूस या झगड्यात बघ्या नाही. सद्विचार, सद्वचन आणि सत्कृत्य यांच्या बळावर तो कोणाच्या बाजूने उभा राहायचे ते ठरवतो. अवेस्तात हे तीन शब्द हुमत, हूख्त, हुवर्श्त असे आहेत. गुजराती बोलणारी पारशी घरे मनश्नी, गवश्नी, कुनश्नी म्हणतात. संसार सोडून देण्याला या धर्मात मान नाही. उपास नाहीत, ब्रह्मचर्याचे व्रत नाही, देहदंड नाही. जग ही होरमज्दची चांगली निर्मिती आहे, तेव्हा तिच्यात आनंदाने राहणे, तिची निगा राखणे आणि ती वाढवणे हेच धर्माचरण ठरते. पारशी समाजाच्या उद्योगप्रियतेची आणि खाण्यापिण्याच्या हौसेची अनेक कारणे सांगितली जातात, पण त्यांच्या पाठीशी हा धर्मविचारही आहे.

होरमज्दसह सात ‘अमशास्पंद’ म्हणजे अमर, कल्याणकारी शक्ती मानल्या जातात, आणि प्रत्येकीकडे सृष्टीचा एकेक भाग सोपवलेला आहे. होरमज्दकडे माणूस. बहमन म्हणजे सद्बुद्धी, तिच्याकडे गाईगुरे. अर्दिबेहेश्त म्हणजे सत्य, त्याच्याकडे अग्नी. शेहरेवरकडे धातू, अस्पंदारमदकडे भूमी, खोरदादकडे पाणी, अमरदादकडे वनस्पती. एक नैतिक गुण आणि एक भौतिक वस्तू अशा या जोड्या आहेत. पाणी घाण करणे हे केवळ अस्वच्छतेचे काम उरत नाही, ते खोरदादच्या, म्हणजे पूर्णत्वाच्या, विरुद्धचे कृत्य ठरते. जनावराशी क्रूर वागणे सद्बुद्धीला दुखावते. पारशी सणांतली बहुतेक कृत्ये या जोड्या ध्यानात ठेवल्या की आपोआप उलगडतात.

झरथुष्ट्राच्या स्वतःच्या रचना ‘गाथा’ या नावाने ओळखल्या जातात. त्या सतरा सूक्ते असून यस्न या 72 अध्यायांच्या विधिग्रंथात त्यांचा समावेश आहे. त्यांची भाषा ऋग्वेदाच्या भाषेला इतकी जवळची आहे की संस्कृत जाणणाऱ्याला ओळखीचे धातू आणि शब्द जागोजाग भेटतात. या अभ्यासाचा एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रात घडला. जर्मन पंडित मार्टिन हाउग 1859 ते 1866 या काळात पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवत होते. गाथा हा अवेस्तातला सर्वांत जुना आणि खुद्द झरथुष्ट्राचा भाग असल्याचे त्यांनी भाषेच्या आधारे मांडले. त्याच सुमारास मुंबईत खरशेदजी रुस्तमजी कामा तरुण मोबेदांना अवेस्ता आणि पहलवी नव्या शास्त्रीय पद्धतीने शिकवू लागले होते. त्याआधी 1851 मध्ये नवरोजी फर्दुनजी, दादाभाई नवरोजी आदींनी ‘रहनुमाए माझदयस्नान सभा’ स्थापन करून धर्मसुधारणेला हात घातला होता. विधी महत्त्वाचे की गाथांमधला विचार, हा पारशी समाजातला वाद तेव्हापासूनचा आहे.

समाजाच्या भारतात येण्याची हकीकत मुख्यतः ‘किस्से संजान’ या फारसी काव्यातून कळते. बहमन कैकोबाद संजाना या मोबेदाने ते सोळाव्या शतकाच्या अगदी अखेरीस रचले, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी. इराणमधून निघालेले लोक दीवमार्गे गुजरातच्या किनाऱ्यावरील संजानला आले आणि तिथल्या जादी राणा या राजाने काही अटींवर त्यांना आश्रय दिला, असे त्यात आहे: धर्माची माहिती द्यावी, देशाची भाषा बोलावी, बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रे खाली ठेवावीत, लग्ने संध्याकाळी लावावीत. दुधाने काठोकाठ भरलेल्या भांड्यात साखर मिसळल्याची सुप्रसिद्ध गोष्ट मात्र या काव्यात नाही; ती तोंडी परंपरेतली आहे. इतिहास म्हणून तिचे मोल थोडे असले, तरी समाजाने स्वतःसाठी निवडलेली प्रतिमा म्हणून ती खरी आहे.

संजानला प्रतिष्ठापना झालेला अग्नी ‘इराणशाह’ या नावाने आजही तेवत आहे. संजान शत्रूच्या हाती पडल्यावर मोबेदांनी तो बाहरोटच्या डोंगरातील गुंफांत नेला. ही जागा आजच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू-बोर्डीच्या बाजूला आहे. परंपरेप्रमाणे तिथे बारा वर्षे, मग वांसद्याला चौदा वर्षे आणि पुढे दीर्घकाळ नवसारीत असा त्याचा प्रवास झाला. 1742 पासून तो उदवाड्यात आहे. भारतात सर्वोच्च प्रतीचे अग्नी, म्हणजे आतश बेहराम, आठ आहेत: उदवाडा आणि नवसारी येथे एकेक, सुरतेत दोन आणि मुंबईत चार. मुंबईतला सर्वांत जुना दादीशेठ आतश बेहराम 1783 चा आहे. असा अग्नी सिद्ध करायला सोळा ठिकाणांहून आग आणावी लागते. त्यात कुंभाराची, सोनाराची, लोहाराची भट्टी असते आणि वीज पडून पेटलेली आगही असते. प्रत्येक आग पुन्हा पुन्हा शुद्ध करून मग सगळ्यांचा एक अग्नी होतो. त्याखालोखाल आतश आदरान आणि दादगाह अशा प्रती आहेत. गावोगावच्या बहुतेक अग्याऱ्या, म्हणजे अग्निमंदिरे, आतश आदरानच्या आहेत.

अग्यारीत मूर्ती नसते. मोठ्या रुप्याच्या वा पितळी आफरगान्यात, म्हणजे अग्निपात्रात, अग्नी असतो आणि अखंड ठेवला जातो. दिवसाचे पाच भाग, म्हणजे ‘गाह’, मानले आहेत आणि प्रत्येक गाहाच्या सुरुवातीला मोबेद ‘बोय’ देतो. श्वास आगीला लागू नये म्हणून तो तोंडावर पांढरे पदान बांधतो, अग्नीभोवतीची जागा धुतो, सुखड म्हणजे चंदनाचे तुकडे रचून ठेवतो आणि प्रार्थना म्हणतो. दुर्विचार, दुर्वचन आणि दुष्कृत्य यांचा धिक्कार करणारे शब्द आले की घंटा वाजते. दर्शनाला आलेला माणूस सुखड देतो, उंबरठ्यापाशी डोके टेकतो आणि चिमूटभर रख्या कपाळाला लावतो. पारशी अग्नीची पूजा करतात असे सर्रास म्हटले जाते, ते बरोबर नाही. अग्नी हे त्यांच्या लेखी होरमज्दच्या तेजाचे आणि अश या सत्याचे जिवंत रूप आहे. प्रार्थना त्याच्यासमोर होते आणि होरमज्दला उद्देशून होते.

अग्यारीइतकेच महत्त्व अंगावरच्या दोन वस्तूंना आहे. सुदरेह म्हणजे पातळ पांढऱ्या सुती कापडाचा सदरा. त्याच्या गळ्याशी लहानसा कप्पा शिवलेला असतो, त्याला गिरेबान म्हणतात. तो सत्कृत्ये साठवण्याचा खिसा, अशी समजूत आहे. कुस्ती म्हणजे मेंढीच्या लोकरीच्या 72 धाग्यांची विणलेली पोकळ, चपटी दोरी. यस्नाचे 72 अध्याय तेवढेच तिचे धागे. मोबेदांच्या घरच्या बायका ती हातमागावर विणत आल्या आहेत. दिवसातून अनेकदा, सकाळी उठल्यावर, प्रार्थनेपूर्वी, नैसर्गिक विधीनंतर, पारशी माणूस हातपाय-तोंड धुऊन, उजेडाकडे तोंड करून कुस्ती सोडतो, अहरिमनला धिक्कारताना तिचे टोक झटकतो, मग कमरेभोवती तीन वेढे घेऊन पुढे आणि मागे गाठी मारतो. ‘यथा अहू वैर्यो’ ही 21 शब्दांची आणि ‘अशेम वोहू’ ही 12 शब्दांची प्रार्थना त्या वेळी म्हटली जाते. सारे काही मिनिटांचे काम, पण धर्माचा संपूर्ण सारांश त्यात आहे: आधी वाईटाचा त्याग, मग चांगल्याची निवड, आणि ती निवड स्वतःच्या हातांनी गाठ मारून पक्की करणे.

सुदरेह-कुस्ती धारण करण्याचा अधिकार मुलाला किंवा मुलीला नवजोतमध्ये मिळतो. साधारण सात ते अकरा वर्षांच्या वयात हा संस्कार होतो आणि तो मुलग्यांइतकाच मुलींचाही होतो, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. विधिपूर्वक स्नान झाल्यावर मोबेद मुलाला सुदरेह घालतो, मागे उभा राहून त्याचे हात हाती घेऊन कुस्ती बांधवतो आणि शेवटी तांदूळ, डाळिंबाचे दाणे, खोबऱ्याचे तुकडे, बदाम त्याच्या डोक्यावरून उधळतो.

वर्षाचा शेवट मृतांच्या आठवणीत होतो. बारा महिन्यांचे 360 दिवस संपल्यावर पाच ‘गाथा’ दिवस जोडून वर्ष 365 दिवसांचे केले जाते. हे पाच आणि त्याआधीचे पाच असे दहा दिवस मुक्तादचे. प्रत्येक जीवाची एक ‘फ्रवशी’ असते, ती जन्माआधी होती आणि मृत्यूनंतरही राहते. या दिवसांत ती आपल्या माणसांना भेटायला येते, अशी श्रद्धा आहे. अग्याऱ्यांत संगमरवरी पाट्यांच्या मेजांवर चांदीच्या फुलदाण्या मांडतात. एकेक फुलदाणी एकेका दिवंगताच्या नावाची असते. गुलाब, निशिगंध रोज बदलले जातात, दिवा तेवत राहतो, फळे आणि मलिदा ठेवला जातो आणि मोबेद नावे घेऊन प्रार्थना करतात. मराठी वाचकाला पितृपक्षाची आठवण होईल, पण वातावरण वेगळे असते. मुक्तादचे दिवस अशुभ नाहीत. घर रंगवून, झाडून-पुसून पाहुण्यांची वाट पाहावी तसे ते असतात.

शेवटचा गाथा दिवस पतेतीचा. ‘पतेत’ ही पश्चात्तापाची प्रार्थना आहे आणि सरत्या वर्षातल्या चुकांची कबुली होरमज्दपुढे देण्याचा हा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी नवरोज, म्हणजे नवे वर्ष. महाराष्ट्रात सरकारी सुट्टीपासून वर्तमानपत्रांतल्या शुभेच्छांपर्यंत नववर्षालाच पतेती म्हणण्याची सवय रुळली आहे. प्रत्यक्षात पतेती हा आदला दिवस आहे आणि त्याचा सूर गंभीर आहे. पारशांच्या तीन गणनांपैकी शहेनशाही पंचांगाचे नववर्ष सध्या 15 ऑगस्टला येते. फ्रवरदीन या पहिल्या महिन्याच्या सहाव्या दिवशी खोरदाद साल, झरथुष्ट्राचा जन्मदिवस. त्याच महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी, रोज फ्रवरदीनला, लोक दखम्याच्या, म्हणजे देह पक्ष्यांच्या स्वाधीन करण्याच्या जागेच्या, परिसरातील प्रार्थनागृहांत जाऊन पूर्वजांसाठी विधी करतात.

पुढचे दोन परब विशेष लोभस आहेत. आवां महिन्यातला आवां रोज पाण्याचा. त्या दिवशी मुंबईचे पारशी समुद्रकिनारी किंवा चर्चगेटजवळच्या भिखा बेहराम विहिरीवर जातात. ही गोड्या पाण्याची विहीर 1725 ची. तिथे दिवे लावतात, फुले आणि डाळीची पोरी पाण्याला अर्पण करतात. आदर महिन्यातला आदर रोज अग्नीचा वाढदिवस. अग्याऱ्यांत रीघ लागतेच, पण जुन्या घरांत त्या दिवशी चुलीचाही मान असे. चूल स्वच्छ सारवून तिला विसावा देत आणि मागच्या भिंतीवर हळद-कुंकवाने चिमटा, झारा, पळी अशी स्वयंपाकाची भांडीकुंडी रेखाटत. उदवाड्याच्या आतश बेहरामाची आणि स्वयंपाकघरातल्या निखाऱ्याची जात एकच, हे शिकवायला त्या भिंतीला ग्रंथाची गरज पडत नव्हती. आता गॅसच्या शेगडीमागच्या फरशीवर हीच चित्रे काढणारी घरे आहेत.

बहमन महिना गाईगुरांच्या रक्षकाचा असल्याने तो पूर्ण महिना मांस वर्ज्य करणारी कुटुंबे बरीच आहेत. एरवीही दर महिन्याला बहमन, मोहोर, गोश आणि राम हे चार रोज याच कारणाने पाळले जातात. दए महिन्यातला खोरशेद रोज हा झरथुष्ट्राचा मृत्युदिन. याखेरीज वर्षात सहा गहंबार येतात, प्रत्येकी पाच दिवसांचे. आकाश, पाणी, पृथ्वी, वनस्पती, पशू आणि माणूस या क्रमाने झालेल्या निर्मितीचे ते आभार आहेत. त्यांतला मुख्य भाग सामुदायिक जेवणाचा: कोणी धनिक खर्च उचलतो, पण पंगतीत श्रीमंत-गरीब भेद राहत नाही. सोसायट्या आणि ‘बाग’ म्हटल्या जाणाऱ्या वसाहतींमध्ये राहणाऱ्या समाजाला एकत्र ठेवण्यात या पंगतींचा वाटा प्रवचनांपेक्षा मोठा आहे.

पंचांगानेच समाजात एक मोठी फूटही पाडली. वर्ष 365 दिवसांचे आणि लीप वर्ष नाही, त्यामुळे नववर्ष दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकते. मूळ इराणात कडाक्याच्या थंडीच्या तोंडावर येणारा अग्नीचा परब आता एप्रिलच्या उकाड्यात येतो, तो यामुळे. ही तूट भरायला जुन्या काळी 120 वर्षांनी एक महिना वाढवण्याची पद्धत सांगितली जाते. भारतातल्या पारशांनी मध्ययुगात एकदा तसा महिना वाढवला. इराणातल्या धर्मबंधूंनी वाढवला नाही. दोन्हींत महिन्याचा फरक असल्याचे अठराव्या शतकात सुरतेत ध्यानात आले, आणि 1745 च्या सुमारास काहींनी इराणी गणना स्वीकारली. ते कदमी, उरलेले शहेनशाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऋतूंशी मेळ राखणारी, 21 मार्चला वर्ष सुरू करणारी फसली गणना पुढे आली. धर्मश्रद्धेत तिघांत फरक नाही, तारखांत आहे. 21 मार्चचा जमशेदी नवरोज मात्र सगळेच साजरा करतात.

सण कोणताही असो, सकाळ सारखीच उजाडते. उंबरठ्याशी चौक निघतो: भोके पाडलेल्या पत्र्याच्या डब्या पांढऱ्या-रंगीत भुकटीने भरून जमिनीवर ठोकल्या की मासे, फुले, तारे उमटतात. दारावर झेंडूचे तोरण, कुटुंबाची आर्थिक ऐपत असेल तर मण्यांचेही. नाश्त्याला शेवया किंवा रवो आणि गोड दही; दुपारी धान-दार आणि माशाचा पातियो. धानसाक हा पदार्थ पारशी जेवणाची खूण म्हणून सगळीकडे प्रसिद्ध आहे, पण शुभदिनी तो घरात शिजत नाही. मृत्यूनंतर चौथ्या दिवशी शोक सोडताना तो खाल्ला जातो. एरवी रविवारी दुपारी तो आवडीने होतो. प्रत्येक शुभकार्यात ‘सेस’ लागते: चांदीच्या तबकात गुलाबदाणी, कुंकवाची पिगाणी, शंकूच्या आकाराचा सोपारो, नारळ, खारीक, विड्याची पाने. नारळ, सुपारी, कुंकू या गोष्टी इराणातून आलेल्या नाहीत. त्या गुजरातच्या किनाऱ्याने दिल्या आणि पारशांनी त्या पूर्णपणे आपल्याशा केल्या.

लग्नात ही देवाणघेवाण आणखी स्पष्ट दिसते. वधूवरांना समोरासमोर बसवून मध्ये अंतरपाट धरतात, दोघांभोवती सुताचे सात वेढे घालतात आणि पाट बाजूला होताच दोघे एकमेकांवर तांदूळ टाकतात. जो आधी टाकेल त्याची सरशी, म्हणून मंडळी ओरडून चिथावणी देतात. मग दोघे शेजारी बसतात आणि मोबेद साक्षीदारांसमक्ष संमती विचारून आशीर्वाद म्हणतात. आशीर्वादाचा पाठ पाझंद भाषेत आहे आणि त्याचा संस्कृत पाठही परंपरेने जपला आहे. जेवणात सली बोटी, पत्रानी मच्छी, लगननू कस्टर्ड आणि गाजराचे लगननू अचार असतेच.

मृत्यूचे विधी जीवनाच्या विधींइतकेच तर्कशुद्ध आहेत. मृत देहावर अहरिमनचा ताबा बसतो. म्हणून अग्नी, भूमी, पाणी यांना त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. यातून दखम्यात देह पक्ष्यांच्या आणि सूर्याच्या स्वाधीन करण्याची रीत आली. देहाला स्नान घालून कुस्ती बांधतात, कुत्र्याकडून ‘सगदीद’ म्हणजे दृष्टी घेतात, गेह-सारनाची प्रार्थना होते आणि नसेसालार म्हणजे शववाहक देह नेतात. मागे चालणारे पांढऱ्या वस्त्रांत, जोडीजोडीने, मध्ये रुमाल धरून चालतात. आत्मा तीन रात्री इथेच असतो आणि चौथ्या पहाटे, चहारोमला, चिन्वत पुलावर त्याच्या कृत्यांचा हिशेब होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी उठमणा होतो. त्यात दिवंगताच्या नावाने दिलेल्या देणग्या जाहीर केल्या जातात. स्मारक बांधण्यापेक्षा दवाखाना, शाळा, चाळ बांधण्याकडे पारशी धनिकांचा कल का राहिला, त्याचे एक उत्तर या प्रथेत सापडते. फार रडू नये, असेही धर्म सांगतो. अश्रूंची नदी होऊन ती आत्म्याची वाट अडवते.

मुंबईच्या डुंगरवाडीतली ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या अखेरीस कोलमडली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण पक्षी परतले नाहीत. दखम्यांवर सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवण्यात आली. दहन निवडणाऱ्या कुटुंबांसाठी वरळीला 2015 पासून प्रार्थनागृह उपलब्ध आहे. जुन्या विचारांच्या लोकांना हे दहन अग्नीचा अपमान वाटते, आणि त्यांची वेदना समजून घेण्यासारखी आहे.

याहून कठीण प्रश्न माणसांचा आहे. 1941 च्या जनगणनेत 1,14,890 पारशी होते. 2011 मध्ये 57,264 उरले. उशिरा होणारी किंवा न होणारी लग्ने, थोडी मुले आणि परदेशी स्थलांतर ही त्याची मुख्य कारणे. 2013 मध्ये केंद्र सरकारने ‘जियो पारसी’ योजना सुरू केली. पारशी कोणाला म्हणावे, या वादाचा निकाल 1908 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लागला. रतनजी दादाभॉय टाटा यांच्या फ्रेंच पत्नीची नवजोत झाली होती, आणि तिला समाजाच्या संस्थांवर हक्क आहे का, असा प्रश्न होता. न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी निकाल दिला तो तिच्या विरोधात गेला. पारशी पित्याच्या मुलांना त्यांनी समाजात धरले. समाजाबाहेर लग्न केलेल्या स्त्रीच्या मुलांचा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत आहे. मुलीलाही मुलासारखीच सुदरेह-कुस्ती देणाऱ्या धर्मात हा भेद टिकणे अवघड दिसते, असे समाजातल्याच अनेकांनी ठामपणे मांडले आहे.

मोबेदांची संख्याही घटते आहे. हा व्यवसाय वंशपरंपरेने पित्याकडून पुत्राकडे येतो. मोबेद होण्यासाठी अवेस्ता पाठ करून नावर आणि मरातब या दोन दीक्षा घ्याव्या लागतात. पाच गाह सांभाळणे म्हणजे मध्यरात्रीनंतरच्या उशहीन गाहालाही अग्नीसमोर उभे राहणे. मिळकत तुटपुंजी असल्याने मोबेदांची मुले इतर पेशांकडे वळली. त्यांच्या मदतीला आता ‘मोबेदयार’ येत आहेत: मोबेद घराण्यात न जन्मलेले, पण काही विधी करण्याचे शिक्षण घेतलेले सामान्य पारशी. नोकरी सांभाळून ते अग्यारीत बोय द्यायला, मुक्तादच्या गर्दीत नावे वाचायला आणि लहान गावांत जशन हा आभारविधी करायला उभे राहतात.